तळ्याकाठी उभी गाडी

रविवारी सकाळी वड्यांचं पीठ मळता मळता शेवंती पुन्हा तळ्याकाठी जाऊन पोचली.

हात परातीत, पदर कमरेला, शेगडीवर कोंबडीचा रस्सा रटरटतोय, आणि बाई आपल्या लाल ट्रकच्या काचेतून पाण्याकडे बघत बसलेली. पाण्यापलीकडे बर्फाचे डोंगर, डोंगरांवर दुपारचं पिवळं ऊन, रस्त्याला चिटपाखरू नाही. कुठल्या देशातलं तळं ते तिला ठाऊक नव्हतं, आणि विचारावंसंही कधी वाटलं नव्हतं. घाटकोपरच्या डोंगराला पोट घासत गेल्यासारखं एक विमान भटवाडीवरून खाली उतरलं, मांडणीवरची भांडी थरथरली, तरी ती हलली नाही.

"आये, रस्सा लागतोय," सुशांत म्हणाला आणि त्यानेच गॅस बारीक केला. मग जरा वेळ तिच्याकडे बघत उभा राहून त्याने हळूच विचारलं, "परत तिकडेच गेली होतीस ना?"

शेवंतीने पिठाचा गोळा उगाचच दोनदा जास्त आपटला. तिकडे जायचं आता नुसतं मनाने. खरं तळं दिवाळीनंतरच्या आठवड्यातच बंद पडलं होतं.

आता चौसष्ट वर्षांच्या विधवा बाईने कॉम्प्युटरवर ट्रक चालवावा, हे ऐकायलाच कसंतरी वाटतं. शेवंतीलाही वाटायचं, म्हणून तर तिने कुणाकडे ब्र काढला नव्हता. नवऱ्याच्या, लवूच्या, बाराव्या-तेराव्याला गोळा झालेली माणसं पांगली, मुलुंडचा मोठा मुलगा मुलुंडला गेला, आणि एका दुपारी ती बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून बसलेली असताना धाकट्याच्या, सुशांतच्या, कॉम्प्युटरच्या पडद्यावर तिला तो रस्ता दिसला होता. धुक्यातून वर वर जाणारा. तिने नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच आपणहून काहीतरी विचारलं होतं, "हो रस्तो खय जाता रे?" सुशांत म्हणाला होता, कुठेच नाही आये, नुसता जातो. मग त्याने खुर्ची रिकामी केली आणि तिची बोटं चार बटणांवर ठेवून दिली.

पहिल्या दिवशी तिने ट्रक तीनदा शेतात घातला. महिन्याभरात घाट चढायला लागली. माल पोचवायचा, पैसे मिळवायचे, नवी गाडी घ्यायची, असं बरंच काही त्या खेळात होतं म्हणे. शेवंतीने त्यातलं काहीएक केलं नाही. ती दुपारी दोन ते चार गाडी चालवायची, तळं आलं की कडेला उभी करायची, इंजिन बंद करायची आणि पाण्यावर ऊन उतरताना बघत बसायची. चारला उठून चहा टाकायची. सुशांत साकीनाक्याच्या कुरिअर कंपनीत बारा बारा तास उभा असायचा, त्याला स्वतःला खेळून दोन वर्षं झाली होती. पण बाकी साऱ्या खानदानाच्या लेखी ते कॉम्प्युटरचं खोकं सुशांतचं, तो नाद सुशांतचा, आणि तेहेतिसाव्या वर्षी लग्न जुळत नाही त्याचं कारणही तेच.

दिवाळीनंतर एका दुपारी तळ्यावर हिरव्या-जांभळ्या पट्ट्या उमटल्या, तळं थरथरलं आणि काळं पडलं. सुशांतने रात्रपाळीहून येऊन खोकं उघडलं, आतली एक पाटी काढली आणि नाकाशी धरली. करपली होती. ग्राफिक्स कार्ड म्हणतात त्याला, तो म्हणाला. चित्र काढायचं काम तेच करतं, बाकी मशीन ठणठणीत आहे. त्या कार्डाशिवाय चालवून बघितलं तर डोंगर ठोकळ्यांचे झाले, झाडं गेली, पाणी म्हणून एक राखाडी लादी दिसायला लागली आणि गाडी चार फूट जाऊन थबकायची. शेवंतीने पाच मिनिटं बघून पडदा बंद केला. असलं बघण्यापेक्षा आंधळं बरं, असं तिला वाटलं.

सुशांत लॅमिंग्टन रोडला गेला. निलेश नावाचा त्याचा ओळखीचा दुकानदार होता, त्याच्याकडे सगळ्यात खालच्या दर्जाचं, पण त्या तळ्याला पुरून उरेल असं कार्ड सोळा हजारांना होतं. पैसे खिशात होते. दुकानातूनच त्याने आईला फोन केला, घेऊ का म्हणून.

आणि इथे शेवंतीने घोटाळा केला. जिने हयातीत सकाळच्या भावाने मासळी घेतली नाही, ती बाई दुसरं काय सांगणार? लालबागला असताना गिरणीतल्या बावीस जणांची खाणावळ तिने चालवली ती याच हिशेबावर. सकाळी टोपली भरलेली असते तेव्हा कोळीण ताठ असते, दिवे लागायला आले की तीच हाका मारते. "खुळो की काय तू? आज नको घेव," तिने सुशांतला सांगितलं. "दोन आठवडे तोंड दाखव नको. भाव उतरतलो."

पंधरा दिवसांनी साडेअठरा झाले. शेवंती म्हणाली, ताणतोय तो, गिऱ्हाईक ओळखलंय त्याने. नाताळात एकवीस झाले. संक्रांतीला निलेशने सांगितलं की माल नाहीये, आला तर चोवीसला येईल. सुशांतने आईला समजावलं, की जगात कुठे कुठे एआयची मोठमोठी मशीनं उभी राहतायत आणि मेमरीच्या चिपा सगळ्या तिकडे चालल्यात. कंपन्यांना मोठं गिऱ्हाईक मिळालंय, आता आमच्यासारख्यांची छोटी कार्डं बनवायला कुणाला वेळ आहे? शेवंतीला हे लगेच कळलं. धक्क्यावर पहाटेच हॉटेलवाल्यांनी सुरमई उचलली की मग बाजारात कितीही वाट बघा, काय उतरणार? पण कळलं तोवर तीन महिने गेले होते. आपल्या हाताने आपण आपलं तळं घालवलं, हे तिला जेवताना आठवायचं आणि घास फिरायचा.

अकराच्या सुमाराला मुलुंडची मंडळी आली. जयवंत, त्याची बायको जयंती आणि चौदा वर्षांची प्रांजल. जयवंत विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, सोसायटीचा सेक्रेटरी, आणि घरात शिरल्या शिरल्या कुठल्या तरी गोष्टीचा निकाल लावल्याशिवाय त्याला पाणी गोड लागायचं नाही. आज त्याने चपला काढता काढताच सांगितलं, की चारला एक माणूस येईल, कॉम्प्युटर घेऊन जाईल, फोनवर सगळं ठरलंय. पुढच्या रविवारी भांडुपची माणसं मुलगी दाखवायला नव्हे, मुलगा बघायला येतायत. खोलीत शिरताच समोर तो खेळाचा पसारा दिसला तर ते काय समजतील?

सुशांतने सगळ्यांना खुर्च्या मांडल्या आणि म्हणाला, ठीक आहे दादा, ने.

एवढंच म्हणाला. शेवंती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात होती, तिच्या हातातला वडा थापायचा राहिला. तिला वाटलं होतं, पोर भांडेल. निदान कार्ड महागलंय, भाव उतरला की बघू, असं काहीतरी लांबण लावेल. त्याने मान खाली घालून सगळं आपल्या अंगावर घेतलं आणि तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

थोड्या वेळाने नंदकुमार आले, लवूचे धाकटे भाऊ, हातात सोललेला नारळ घेऊन. घरात कुठलंही शुभकार्य निघालं की देवाला गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे सगळ्यांच्या वतीने मागणं मागायचं, काम लवूचं असायचं. आता ते नंदूभावजींकडे आलं होतं. त्यांच्यामागून जयवंतही आत आला आणि काकांना बाजूला घेऊन काही बोलला. शेवंतीला अर्धंमुर्धं ऐकू आलं. गाऱ्हाण्यात खेळाचंही घाला काका, तुमचं नाही ऐकलं तरी देवाचं ऐकेल. नंदूभावजींनी मान हलवली.

वड्यांना तेल तापत होतं. जयंती सासूच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि न सांगता वडे थापायला लागली. ही सून फार बोलायची नाही. लग्नाला सोळा वर्षं झाली, तरी तिच्या मनात काय चाललंय ते शेवंतीला कधी धड उमगलं नव्हतं.

"त्याला खरंच एवढा नाद आहे का हो आई?" जयंतीने वडा तेलात सोडत विचारलं.

शेवंती म्हणाली, आसा थोडो. पोरखेळ करता. आणि म्हटल्याबरोबर तिचं तिलाच लाजिरवाणं वाटलं, की बाई, तू पण? जयंतीने वडा उलटला.

बाहेरून प्रांजलचा आवाज येत होता. काकाच्या बाजूने तेवढी एकच उभी होती. ती फोनमध्ये बघून बापाला सांगत होती, की आत्ता हे कार्ड पंचवीस हजार पाचशेला आहे, आमच्या वर्गातल्या मुलांनी तर मशीन घ्यायचा विचारच सोडलाय, तुम्ही आहे ते विकताय? जयवंत म्हणाला, बघ, पंचवीस हजार, गेम खेळायला! सुशांतने पुतणीला खुणेने गप्प केलं.

पंचवीस हजार पाचशे. शेवंतीने झाऱ्याने वडे निथळले. खिडकीतून फेब्रुवारीतलं स्वच्छ ऊन ओट्यावर आलं होतं आणि तेलाच्या वाफेतून ते हलत होतं. पाण्यावर हलतं तसं. एक क्षण तिला वाटलं, आपण ओट्याशी उभ्याच नाही. पायाखाली इंजिनाची घरघर आहे, काच जराशी खाली केलीय, गार वारा येतोय आणि रस्ता उतरत उतरत वळणाकडे चाललाय. वळण संपलं की तळं दिसेल. दोन वर्षं रोज दिसलं होतं. मग कढईतला वडा टम्म फुगून वर आला आणि वळण काही संपलं नाही.

साडेबाराला सगळे देवाच्या फळीसमोर उभे राहिले. केळीच्या पानावर वाढलेलं, बाजूला पेटलेली समई, मध्ये नारळ. लवूचा फोटो भिंतीवरून बघत होता. पुरुष पुढे, बायका मागे अशी पद्धत, पण लवू गेल्यापासून घरातलं मोठं माणूस शेवंती, म्हणून तिला पुढे घेतलं होतं. गाऱ्हाणं एकाने घालायचं आणि बाकीच्यांनी होकार भरायचा. मोठ्याच्या तोंडून होकार आल्याशिवाय ते देवाकडे रुजू होत नाही, असं लवू सांगायचा. आणि गाऱ्हाण्यात खोटा होकार भरायचा नाही. लवूच्या चुलत्याने बांधाच्या भांडणात एकदा भरला होता, त्याची आंब्याची तिन्ही कलमं पुन्हा मोहरली नाहीत.

नंदूभावजींनी टोपी सारखी केली, डोळे मिटले आणि त्यांचा नेहमीचा बसका आवाज एकदम भरून आला.

"बा देवा रवळनाथा, आज तुझ्या लेकरांनी नारळ ठेवन तुका हाक मारल्यानी हा, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"आमच्या लवूभाऊचो धाकटो झिल सुशांत, ह्येचा लगीन जुळांदे. येतली ती माणसा समाधानान येवंदेत, समाधानान जावंदेत, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." यात शेवंतीचा आवाज सगळ्यात मोठा होता.

"आणि ह्या पोराच्या मानगुटीर जा काय खेळाचा याड बसला हा, ता आजच्या दिसाक ह्या घरातसून भायर जावंदे. त्या खोक्याची पीडा टळांदे, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," जयवंत म्हणाला. प्रांजल ओठातल्या ओठात म्हणाली. आणि मग सुशांतही म्हणाला. हळू, पण स्पष्ट. देवासमोर हात जोडून, नसलेलं वेड स्वतःच्या नावावर घेत तो म्हणाला, व्हय म्हाराजा.

शेवंतीने लवूच्या फोटोकडे बघितलं. नंदूभावजी डोळे मिटूनच थांबले, मोठ्या माणसाचा होकार राहिलाय हे त्यांच्या कानांनी ओळखलं होतं. समईची वात तडतडली. खाली कुठेतरी भंगारवाला ओरडत गेला.

"नाय म्हाराजा," शेवंती म्हणाली.

नंदूभावजींनी डोळे उघडले. पंचेचाळीस वर्षं त्यांनी गाऱ्हाणी ऐकली होती, पण असं उत्तर त्यांनी कुठे ऐकलं नव्हतं. "वयनी, असा म्हणाची रीत नाय," ते म्हणाले, रागाने नव्हे, घाबरून.

"रीत नाय ता माका ठावक आसा. पण खोटा व्हय म्हणूक माझ्यान होवचा नाय." तिने हात जोडलेले तसेच ठेवले आणि फळीकडे बघूनच पुढचं बोलली, कारण माणसांकडे बघून तिला बोलता आलं नसतं. "त्येका कसला याड नाय. दोन वर्सा तो त्या खुर्चीर बसाक नाय. खेळ माझो आसा. मी खेळतंय."

सुशांत "आये, राहू दे ना" असं पुटपुटला. जयवंतने आधी आईकडे बघितलं, मग भावाकडे, मग त्या काळ्या पडद्याकडे. हसावं का रागवावं हे त्याला कळत नव्हतं, आणि दोन्हींपैकी काहीतरी केल्याशिवाय त्याला राहवतही नव्हतं.

"तू?" तो म्हणाला. "काय खेळतेस तू?"

"ट्रक चालवतंय."

प्रांजलला हसू फुटलं. पण ते कौतुकाचं होतं. जयवंतने तिच्याकडे डोळे वटारले. मग तो जे बोलला ते रागाचं कमी आणि दुखावल्याचं जास्त होतं. गेल्या वर्षी तुला काश्मीरला न्यायचं ठरवलं, पैसे भरायला निघालो, तू नको म्हणालीस. गुडघे दुखतात म्हणालीस. म्हणजे खरे डोंगर नको, आणि हे खोटे चालतात? आम्ही नको, असंच ना?

शेवंती वळली. आता ती त्याच्याकडे बघत होती.

"तसा नाय रे बाबा," ती म्हणाली. "तुमच्यावांगडा खयय गेलंय तरी माझी नजर ताटार जाता. कोण जेवलो, कोण नाय, कोणाक भाकरी कमी पडली. बावीस माणसांची ताटा बघितलंय मी, मगे तुमची बघितलंय, मगे तुझ्या बापाशीचा पथ्य. माका सवयच ती लागली. काश्मीरात पण मी तुम्हांका पाणी गरम गावला काय, हेच बघीत बसलंय असतंय. थय त्या रस्त्यार कोणच नसता. माका कोण जेवूक मागणा नाय. कोण हाक मारणा नाय. गाडी उभी करतंय आणि नुसती बसतंय. जल्मात पयल्यांदा नुसती बसलंय रे मी."

बोलताना तिचा आवाज कापला नाही, डोळे मात्र भरले. ती दोन वर्षं ज्याला लाजत होती ते एवढंच होतं, आणि बोलून झाल्यावर तिला ते लाजण्यासारखं मुळीच वाटेना.

जयवंत खाली बसला. खुर्चीवर नाही, जमिनीवरच. त्याला काय आठवलं कोण जाणे. लहानपणी खाणावळीतल्या पंगती उठल्यावर आई शेवटी एकटी, परातीतच कालवून जेवायची, ते बहुतेक. त्याने बायकोकडे बघितलं, आधारासाठी बघतात तसं. पण जयंती आज त्याच्या बाजूची नव्हती.

"मला माहीत होतं," जयंती म्हणाली.

तिने सांगितलं ते असं. मागच्या उन्हाळ्यात ती एकदा दुपारी औषधं द्यायला आली होती. बेल वाजवली, कुणी आलं नाही, म्हणून स्वतःकडच्या किल्लीने दार उघडलं. आई त्या खुर्चीवर बसल्या होत्या. पडद्यावर पाणी होतं आणि आईंच्या तोंडावर ते पाण्याचं ऊन पडलं होतं. "सोळा वर्षांत मी तुमचं तोंड असं कधी बघितलं नव्हतं," ती सासूला म्हणाली. "म्हणून दार ओढून घेतलं आणि औषधं शेजारच्यांकडे देऊन गेले. यांना पण नाही सांगितलं. सांगितलं असतं तर यांनी काहीतरी सोय केली असती, आणि मग ते गेलं असतं."

हे ऐकून शेवंतीला इतकं हलकं वाटलं, की तिने सुनेचा हात हातात धरला. जयवंत म्हणाला, म्हणजे घरात मूर्ख मी एकटाच. सुशांत म्हणाला, काका पण आहेत दादा. त्यावर पहिल्यांदा सगळे हसले, नंदूभावजीसुद्धा.

पण नारळ तसाच होता आणि अर्धवट गाऱ्हाणं ठेवून कुणाला जेवता येणार नव्हतं. नंदूभावजी पेचात पडले. देवाकडे एकदा मागितलेलं परत कसं घ्यायचं, हे त्यांना त्यांच्या वडिलांनी शिकवलं नव्हतं. शेवटी ते शेवंतीला म्हणाले, "वयनी, मी काय सांगू त्येका? तूच सांग."

शेवंतीने विचार केला. भाव उतरू दे म्हणावं, तर रवळनाथाने त्या एवढ्या मोठ्या कंपन्यांच्या नादी का लागावं? तिने सांगितलं ते नंदूभावजींनी डोळे मिटून जसंच्या तसं पुढे घातलं, की बा देवा, मागचा बोलणा चुकीचा झाला, ता आमच्या पदरात घाल, पोराच्या नाय. पोराचा लगीन जुळांदे. आणि आमच्या वयनीची दुपार तिची तिका परत गावांदे, म्हाराजा.

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. जयवंतचा आवाज जरा मागून आला, पण आला.

जेवणं झाली. वडे संपले. चारला येणाऱ्या माणसाला जयवंतने गॅलरीत जाऊन फोन केला, येऊ नका म्हणून, आणि त्याची चार बोलणीही ऐकून घेतली. भांडुपच्या माणसांना आता काय सांगायचं, हा प्रश्न त्याने परत आत येऊन मांडलाच, स्वभाव कुठे जातो? शेवंती आडवी झाली होती. ती पडल्या पडल्या म्हणाली, "सांगायचा, खोका सासूचा आसा. पसंत असात तर येवंदे पोरगी."

मग जयवंतने धाकट्याकडून निलेशचा नंबर घेतला. सुशांत म्हणाला, दादा, राहू दे, मी पुढच्या पगारात बघतो. पण प्रांजलने सांगितलं की पुढच्या पगारापर्यंत ते अठ्ठावीसला जाईल. जयवंतने फोन लावला. विमा कंपनीतला आवाज लावून त्याने विचारलं, की सगळ्यात स्वस्त कार्ड कुठलं आहे. पलीकडून निलेशने जे सांगितलं ते खोलीत सगळ्यांना ऐकू आलं. साहेब, स्वस्त असं काही राहिलंच नाही. खालचा माल कंपनीने बनवणंच कमी केलंय. एक पीस आहे, पंचवीस पाचशे, त्यात एक रुपया कमी होणार नाही, कारण उद्या मलाच त्याहून महाग येणार आहे. जयवंतने दोन-तीनदा खटपट करून बघितली. नाही म्हणजे नाही.

शेवंती उठून बसली होती. कमी कर म्हणायला तिची जीभ वळवळत होती, पण तिने पदराचं टोक तोंडात धरलं.

"ठेवा बाजूला," जयवंत म्हणाला. "उद्या भाऊ येऊन घेऊन जाईल."

निलेशने विचारलं, मुलासाठी घेताय का? नवीन असेल तर कुठला गेम खेळतो ते सांगा, म्हणजे चालेल की नाही ते बघून देतो. एवढा खर्च करताय, नंतर पस्तावायला नको.

जयवंतने आईकडे बघितलं. ती भिंतीला टेकून बसली होती, पांढऱ्या केसांचा अंबाडा सुटलेला, दुखरे पाय पुढे पसरलेले, आणि खिडकीतून आलेल्या उन्हाकडे बघत कुठेतरी लांब पोचलेली.

"मुलासाठी नाही," तो म्हणाला. "माझी आई खेळते. ट्रक चालवते ती. पाणी नीट दिसलं पाहिजे."